‘शिक्षकेतर’ म्हणजे कोण?



महाविद्यालयात शिकवणारे ते शिक्षक आणि उरलेले सारे शिक्षकेतर, अशी विभागणी शासनाच्या कागदपत्रांत रूढ झाली आहे. माणूस काय करतो यावरून नव्हे, तर काय करीत नाही यावरून त्याला नाव देण्याची ही तऱ्हा मोठी बोलकी आहे. शेतकऱ्याला कोणी ‘व्यापारेतर’ म्हणत नाही. परिचारिकेला ‘डॉक्टरेतर’ म्हटले तर ती रास्त संतापेल. परंतु शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारा लिपिक, वसतिगृहाची अधीक्षिका, ग्रंथालयातील परिचर, प्रयोगशाळा सहायक, मुलींच्या विश्रांतीकक्षाची देखभाल करणारी सेविका, फाटकावरचा पहारेकरी, या सर्वांची ओळख मात्र ‘शिक्षक नसलेले’ एवढीच. पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात कामगाराचे मूल महाविद्यालयात टिकते की मध्येच गळते, हे पुष्कळदा या ‘नसलेल्यां’च्याच हाती असते. आजचा विषय तोच आहे.

या पट्ट्याची थोडी पूर्वपीठिका ध्यानात घेतल्यावाचून ते स्पष्ट होणार नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. पुढच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी संपादन केल्या. आकुर्डीला बजाज ऑटो आली, टेल्को आली, त्यांच्यामागून सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने आले. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश येथून आलेला तरुण येथे कायम कामगार झाला. १९८२ साली महानगरपालिका झाली तेव्हा या शहराची खरी श्रीमंती कोणती होती? बारा महिने ठरलेल्या तारखेला मिळणारा पगार आणि भविष्यनिर्वाह निधी! त्या बळावर एका पिढीने आपली मुले महाविद्यालयात धाडली. फी भरण्यासाठी निधीतून उचल घेता येत असे, आणि कारखान्यातील युनियनचा कार्यकर्ता प्राचार्यांकडे जाऊन चार शब्द बोलूही शकत असे.

नव्वदीनंतर चित्र पालटले. चाकणला १९९९ साली बजाजचा नवा कारखाना सुरू झाला. २००९ च्या सुमारास परदेशी मोटार कंपन्या आल्या. इकडे आकुर्डीतील वाहनांचे उत्पादन २००७ साली थांबले. उद्योग वाढला, परंतु ‘कायम’ हा शब्द आक्रसत गेला. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी या गावांतल्या चाळींत एका खोलीत चार-पाचजण राहणारा आजचा श्रमिक बहुतांशी ठेकेदाराच्या पटावर असतो. त्याला निधीतून उचल मिळण्याची खात्री नाही, आणि त्याच्या वतीने महाविद्यालयात जाऊन बोलणारा कोणी नाही. त्याचे मूल राजगुरुनगरच्या, चाकणच्या किंवा पिंपरी-आकुर्डीच्या महाविद्यालयात येते, ते पाठीशी कोणी नसताना येते. आणखी एक भेद आहे. आजचा विद्यार्थी हा पुष्कळदा केवळ कामगाराचा मुलगा नसतो. तो स्वतःच कामगार असतो. रात्रपाळी संपवून तो सकाळच्या तासाला बसतो, किंवा बसत नाही.

अशा विद्यार्थ्याची अडचण प्रथम कोणाला कळते? वर्गात शंभर मुले असताना व्याख्यात्याला ती कळतेच असे नाही. ती ग्रंथालयातल्या परिचराला कळते. कारण हा मुलगा पुस्तक उघडे ठेवून मेजावर डोके टेकतो आणि झोपी जातो. ती पहारेकऱ्याला कळते. कारण तो कारखान्याच्या गणवेशातच धावत येतो. आणि ती शिष्यवृत्तीच्या खिडकीशी कळते.

या खिडकीचा विचार जरा सविस्तर करणे आवश्यक आहे. २०१८ पासून राज्यातील शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या संगणकीय व्यवस्थेमार्फत भरले जातात आणि पैसा आधारशी जोडलेल्या बँकखात्यात थेट जमा व्हावा अशी योजना आहे. मध्यस्थ गेला, भ्रष्टाचाराला वाव राहिला नाही, असे त्याचे कौतुक झाले. ते सर्वस्वी खोटेही नाही. परंतु अर्ज विद्यार्थ्याने भरला म्हणजे काम संपत नाही. तो महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो. लिपिक जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधीच्या वर्षाची गुणपत्रिका, अधिवास ताडून पाहतो. मग प्राचार्यांच्या संमतीने तो समाजकल्याण वा अन्य खात्याकडे पुढे जातो. नावात एका अक्षराची तफावत असली की अर्ज परत येतो. परत आल्याचा संदेश ज्या भ्रमणध्वनीवर जातो, तो क्रमांक कित्येकदा बदललेला असतो. वडिलांचे काम सुटलेले असते, खोली बदललेली असते. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखली-कुदळवाडीत महानगरपालिकेने अनधिकृत म्हणून हजारो पत्राशेड पाडल्या. अशा वेळी ज्यांचा रोजगार गेला आणि ज्यांचा पत्ताच पुसला गेला, त्यांच्या मुलांच्या अर्जांचे काय होते, याची नोंद कोणत्याही पाडकाम-अहवालात सापडावयाची नाही. त्या मुलाला वर्गातून बोलावून घेऊन ‘अरे, तुझा अर्ज परत आला आहे, शुक्रवारच्या आत दाखला आण’ असे सांगणारा कोणी असेल तर त्याचे वर्ष वाचते. नसेल तर अर्ज ‘महाविद्यालयाच्या स्तरावर प्रलंबित’ राहतो, आणि मुलाच्या माथी फीची थकबाकी येते.

‘स्वाधार’ योजनेचे उदाहरण घ्यावे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ही योजना २०१६-१७ मध्ये सुरू झाली. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी तेव्हा वर्षाला ६०,००० रुपये ठरले : भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७ रुपये. एवढ्या भाड्यात आकुर्डीला किंवा भोसरीला खोली कोठे मिळते ते योजनाकारांनी एकदा दाखवून द्यावे. पण तो वाद तूर्त बाजूला ठेवू. मुद्दा असा की, ही रक्कमसुद्धा भाड्याने राहत असल्याचा पुरावा, हजेरीचे प्रमाणपत्र, निकाल यांच्या साखळीतून मिळते. साखळीतील एक दुवा लिपिकाच्या मेजावर असतो. त्या मेजामागे माणूसच नसेल तर?

याच ठिकाणी एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. सर्वच खिडक्यांपलीकडे कनवाळू माणसे बसलेली असतात असे समजण्याचे कारण नाही. ‘कोण सवलतवाले आहेत ते या बाजूला उभे राहा’, असे भर रांगेत खणखणीत आवाजात म्हणणारे महाभागही असतात. मुलाच्या आडनावाकडे पाहून ओठांची होणारी हालचाल त्या मुलाला फार लवकर वाचता येते. अंध विद्यार्थ्याने परीक्षेसाठी लेखनिक मागितला तर ‘हे तुमचे तुम्ही पाहा’ असे सांगणारी कार्यालये आहेत. वस्तुतः २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखल्या आहेत आणि सोयी पुरवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. कर्मचारी स्वतः शोषित आहे म्हणून त्याच्या हातून दुसऱ्याचा अवमान होणार नाही, हा भोळा समज समाजवाद्यांनी तरी बाळगू नये. परंतु याचा अर्थ कर्मचारी नको असा होत नाही. तो प्रशिक्षित हवा, उत्तरदायी हवा आणि मुख्य म्हणजे ज्या समाजांतून हे विद्यार्थी येतात त्या समाजांतूनही तो आलेला हवा.

विद्यार्थ्याला टिकवणे हे शिकवण्याइतकेच मोलाचे काम आहे, ही दृष्टी महाराष्ट्राला परकी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली, तेव्हा त्यांनी हेच ओळखले होते की शाळेचा दरवाजा उघडा ठेवून भागत नाही. शाळेपर्यंत आलेल्या मुलाने संध्याकाळी जेवायचे कोठे आणि झोपायचे कोठे, हा खरा प्रश्न आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला जे वसतिगृह सुरू केले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ साली गांधीजींनी त्याला भेट दिली. भाऊरावांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे; त्यांच्या पत्नीचे तितकेसे नाही. लक्ष्मीबाई सनातनी वळणाच्या घरातून आलेल्या होत्या. सोवळेओवळे बाजूला सारून त्यांनी त्या मुलांना रांधून वाढले, दुखणीखुपणी काढली. वसतिगृहातील धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. त्यांनी कधी फळ्यावर खडू धरला नाही. शासनाच्या परिभाषेत बसवायचे तर रयत शिक्षण संस्थेच्या त्या पहिल्या शिक्षकेतर कर्मचारी म्हणाव्या लागतील, आणि विनावेतन!

लक्ष्मीबाईंच्या त्यागाचे गुणगान करताना एक धोका असतो, तोही सांगितला पाहिजे. त्याग हा संस्थेच्या आरंभी शोभतो. तो संस्थेचा वेतनविषयक नियम होऊ शकत नाही. ‘आमच्या वसतिगृहाच्या बाई म्हणजे मुलींची आईच’ असे स्नेहसंमेलनात सांगायचे आणि त्या बाईला अकरा महिन्यांचा करार देऊन बाराव्या महिन्यात घरी बसवायचे, हा ढोंगीपणा आहे. आईपणाचे वेतन देता येत नसेल, अधीक्षिकेचे तरी द्यावे.

डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थी कष्टकरी आहे हे गृहीत धरून महाविद्यालयाचे घड्याळच लावण्याचा हा विचार होता. चाकणसारख्या तीन पाळ्यांच्या गावाला आज त्याची किती गरज आहे! पण कार्यालयाची खिडकी मात्र सर्वत्र अकरा ते चार. म्हणजे पहिल्या पाळीच्या मुलाला बंद आणि रात्रपाळीच्या मुलाला त्याच्या झोपेच्या वेळी उघडी. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली. खेड्यातून आलेल्या गरीब मुलांना राहण्या-जेवणाचा आधार देणे आणि त्यांच्याकडून वसतिगृहाच्या कामांत श्रम घेणे ही तिची पद्धत. तेथेही कार्यकर्ता मुलांच्या सहवासात असतो, हेच तिचे बळ.

मग आजच्या महाविद्यालयांत ही माणसे कमी का झाली? १९८३ साली राज्यात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना मोकळीक मिळाली. २००१ नंतर नव्या महाविद्यालयांच्या परवानगीपत्रांत ‘कायम विनाअनुदानित’ असा शब्द आला. भाषेची गंमत पाहा : या पट्ट्यात ‘कायम’ म्हणजे सुरक्षित नोकरी, तोच शब्द शिक्षणखात्यात गेला आणि ‘शासन कधीही पैसे देणार नाही’ या अर्थाने परत आला. अनुदानित महाविद्यालयांत निवृत्त झालेल्या लिपिकाची, परिचराची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते. आकृतिबंधाची फाइल मंत्रालयात फिरते. सफाई आणि पहारा ठेकेदाराकडे गेला आहेच. आता लिपिकही ठेकेदाराकडून येऊ लागला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातील विद्यापीठे व महाविद्यालये यांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकून संप केला, तेव्हा बातम्यांचा मथळा ‘विद्यार्थी वेठीला’ असाच होता. रिकाम्या जागांनी विद्यार्थी बाकीचे बाराही महिने वेठीला धरलेला असतो, याचा मथळा होत नाही.

माणसे कमी होत गेली त्याच काळात समित्या मात्र वाढल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेविषयीचे नियम काढले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा, भेदभावाच्या तक्रारींसाठी अधिकारी असावा असे त्यात म्हटले. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास मंडळ दिले आणि महाविद्यालयांत विद्यार्थी विकास अधिकारी नेमले जातात. लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत तक्रार समिती आहे, अनुसूचित जाती-जमाती कक्ष आहे, रॅगिंगविरोधी समिती आहे. हे सर्व हवेच. पण विद्यार्थी विकास अधिकारी म्हणजे कोण? सोळा तास शिकवून उरलेल्या वेळात हे काम पाहणारा एक प्राध्यापक. समान संधी कक्ष म्हणजे काय? बहुधा भिंतीवरचा एक फलक आणि मूल्यांकन समिती येण्याच्या आठवड्यात अद्ययावत होणारी एक फाइल. समित्यांचे कार्यवृत्त टंकलिखित करणारा लिपिकच नसेल तर समितीची बैठक झाली की नाही हेसुद्धा कोणाला कळत नाही.

या पोकळीची किंमत या देशाने मोजली आहे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, जळगावकडच्या आदिवासी तडवी समाजातली, डॉक्टर होऊन पुढचे शिक्षण घेणारी. त्या दोघांच्या आयांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २०१२ च्या नियमांची अंमलबजावणी होत नाही, एवढेच त्यांचे साधे म्हणणे होते. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे नियम जाहीर केले आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. वाद नियमांच्या व्याख्यांवर गेला आणि वृत्तपत्रांचे रकाने भरले. त्याआधी, मार्च २०२५ मध्ये, न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी एक राष्ट्रीय कृतिदल नेमले होते. आणि जुलै २०२५ च्या एका निकालात शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असे बजावले. शंभर विद्यार्थी! या पट्ट्यातील एकही महाविद्यालय या कक्षेबाहेर जाईल असे वाटत नाही. तेव्हा या निकालाने पद निर्माण केले आहे. ते पद भरणे आणि त्याला वेतन देणे उरले आहे. आठवड्यातून एकदा तासाच्या मानधनावर येणारा समुपदेशक दाखवून ही पूर्तता झाल्याचे कळवले जाईल, अशी भीती बाळगण्यास पुरेपूर आधार आहे.

कष्ट करणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी या भागात शेजारी शेजारी नांदल्या. एक कर्मवीरांची. १९४७ साली साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजना आली; पुणे विद्यापीठ आज ती त्यांच्याच नावाने महाविद्यालयांत चालवते. मुलगा ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत रोज काही तास काम करतो, त्याचे मानधन त्याला मिळते. आणि त्याच्याकडून काम करून घेणारा असतो तो तिथला परिचर किंवा माळी, त्याला नावाने ओळखणारा. दुसरी दृष्टी २०१३ साली ‘नीम’ या केंद्रीय योजनेने आणली. नाव कौशल्यविकासाचे, परंतु कारखान्यांत उत्पादनाच्या रांगेवर उभ्या केलेल्या मुलांना ‘कामगार’ नव्हे ‘प्रशिक्षणार्थी’ म्हटले की भविष्यनिर्वाह निधी नाही, युनियन नाही, किमान सुरक्षाही नाही. कामगार संघटनांनी तिच्यावर आक्षेप घेतले आणि पुढे ती योजना मागे घेतली गेली. रांगेवरची मुले मात्र निरनिराळ्या नावांनी तेथेच आहेत. पहिल्या योजनेत काम हे शिक्षणाच्या आवारात होते, दुसरीत शिक्षण हे कारखान्याच्या आवारात नावापुरते होते. हा फरक मुलांना समजावून सांगणारा, करारावर सही करण्यापूर्वी तो वाचून दाखवणारा कर्मचारी महाविद्यालयात असता तर किती मुले वाचली असती!

आता कामगार चळवळीकडे वळू. या पट्ट्यातील संघटनांनी वेतनकरारांत कॅन्टीन, बस, पाल्यांची शिष्यवृत्ती अशी कलमे मिळवली आहेत. परंतु महाविद्यालयातल्या ठेक्यावरच्या लिपिकाचा प्रश्न तो आपला प्रश्न आहे असे त्यांना आजवर वाटलेले नाही. चाकणच्या कारखान्यात ठेक्यावर काम करणारा बाप आणि त्याच्या मुलीचा अर्ज अडवून बसलेला, किंवा पुढे धाडणारा, ठेक्यावरचा लिपिक यांचा मालक निराळा असला तरी करार एकाच साच्यातला आहे. त्या लिपिकाला पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही याची शाश्वती नसताना, त्याने तीन वर्षे एका मुलीचा पाठपुरावा करावा ही अपेक्षा तरी कशी करावी?

म्हणून मागण्या साध्या असाव्यात. रिक्त शिक्षकेतर पदे भरावीत. वसतिगृह अधीक्षक, शिष्यवृत्ती लिपिक आणि समुपदेशक ही तीन पदे ठेक्यावर देण्यास मनाई असावी. पाळ्यांच्या गावात कार्यालयाची खिडकी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी सातपर्यंत उघडी असावी. समान संधी कक्षात एक जागा शिक्षकेतर प्रतिनिधीला आणि एक विद्यार्थ्याला असावी. आणि प्रत्येक महाविद्यालयाने वर्षाच्या अखेरीस दोन आकडे फलकावर लावावेत : आपल्या स्तरावर किती शिष्यवृत्ती-अर्ज प्रलंबित राहिले, आणि पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींपैकी किती तिसऱ्या वर्षापर्यंत पोचली नाहीत. या दोन आकड्यांना कोणताही नवा कायदा लागत नाही. प्राचार्यांच्या टेबलावर ते आजही असतात; ते मागायला येत्या जूनमध्ये विद्यार्थी आणि कामगार संघटनांनी एकत्र जावे, सोबत त्या महाविद्यालयाच्या शिक्षकेतर संघटनेचा एक माणूस न्यावा.